शून्यावरचं बटण

जगात सावध माणसं पुष्कळ असतील, पण स्वतःच्या घरातल्या दिव्याचं बटण दाबण्याआधी पायात रबरी चप्पल आहे ना हे खाली वाकून बघणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. वाळव्याकडचे. अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाले आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं विमानाच्या पोटात शिरून तिथल्या वायरी तपासत राहिले. शेवटची नेमणूक चंडीगडला होती. इथले रुंद रस्ते, कडेची झाडं आणि मुख्य म्हणजे प्रत्येक सेक्टरला असलेला नंबर त्यांना इतका पसंत पडला की निवृत्तीनंतर ते गावाकडे परतलेच नाहीत. "जिथं पत्त्याला नंबर असतो तिथं माणूस हरवत नाही," असं त्याचं कारण ते सांगतात. गावाकडच्या घराचा पत्ता ‘मारुतीच्या मागं, हापशाजवळ’ असा असल्यामुळे त्यांचं म्हणणं कुणाला खोडून काढता येत नाही.

माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारच्या नोकरीत चंडीगडला बदली झाली, तेव्हा मामांनीच त्यांच्या सेक्टरात, दोन गल्ल्या सोडून, आम्हाला घर बघून दिलं. सामानाचा ट्रक रिकामा व्हायच्या आत ते पेन्सिल आणि पाठकोरे कागद घेऊन हजर झाले, सगळ्या खोल्यांतून फिरले आणि घरातल्या सतरा उणिवा लिहून काढल्या. त्यातल्या सोळा विजेच्या आणि गॅसच्या होत्या. सतरावी अशी होती: ‘गृहिणी इस्त्री चालू ठेवून फोन घेते.’ लग्नाला दहा वर्षं होऊन मी चांगली मुरलेली सून होते, तरी त्या कागदाखाली माझी सही घेतली गेली. नवीन वस्तू घरात आली की तिची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मामा तिला हात लावू देत नाहीत. दिवाळीत घेतलेला मिक्सर त्यांच्याकडे तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू झाला, कारण पुस्तिकेतला इंग्रजी आणि हिंदी मजकूर तंतोतंत जुळतो का, हे त्यांना आधी पाहायचं होतं. जुळला नाही. मग कंपनीला पत्र गेलं, आणि मामी तोवर पाट्यावर वाटण वाटत राहिल्या.

गाडी चालवण्याचीही तीच तऱ्हा. चंडीगडला चौकाचौकात गोलचक्कर आहे. बाकीचे लोक त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. मामा शिरतात, आणि बाहेर पडण्याची जागा पुरेशी मोकळी वाटली नाही तर आणखी एक फेरी मारतात. एकदा मी मागच्या सीटवर होते आणि आमच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी वाहतूक पोलिसानं हात दाखवून थांबवलं आणि काळजीनं विचारलं, "अंकल जी, रस्ता भूल गए?" मामा शांतपणे म्हणाले, "नहीं बेटा, रस्ता मालूम है. मौका देख रहा हूँ." माझी मुलगी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र हिंदीत देते, ती तेव्हापासून त्यांच्या गाडीला ‘झूला’ म्हणते. मामांना ते ठाऊक आहे आणि त्यांची त्याला हरकत नाही, कारण त्यांच्या मते झुल्यावर अपघात कमी होतात.

अशा माणसाच्या पदरात मामी पडल्या, की मामींच्या पदरात हा माणूस पडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मामी रसायनशास्त्राच्या पदवीधर. बोलणं मोजकं, चालणं भरभर, आणि एखादी गोष्ट खोटी वाटली की डाव्या भुवईनं तसं सांगायची सवय. लग्नानंतर त्यांनी पाच गावांत पाच नोकऱ्या धरल्या आणि पाचही सोडल्या. तेजपूरला शाळेत, जोधपूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पुढे आग्रा, भूज, बंगळूर. प्रत्येक ठिकाणी जरा बस्तान बसलं की मामांच्या बदलीचा हुकूम यायचा आणि मामी राजीनामा देऊन भांडी गुंडाळायला लागायच्या. सहावी नोकरी चंडीगडजवळच्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यातली, तयार गोळ्या तपासायच्या प्रयोगशाळेत. ती मात्र टिकली. चौदा वर्षं रोज सकाळी साडेसातच्या कंपनीच्या बसनं त्या जात होत्या. "ही माझी नोकरी आहे," त्या मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या होत्या. "हिची तारीख कुणाच्या बदलीनं ठरायची नाही. साठ पूर्ण होतील त्या दिवशी मी आपल्या पायांनी बाहेर पडणार."

आणि नेमके पायच आडवे आले. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं असताना त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. प्रयोगशाळेतलं काम सगळं उभ्यानं, या टेबलावरून त्या टेबलावर. बसची पायरीही अशी उंच की वरच्या दोन मुली त्यांना हात देऊन ओढून घ्यायच्या. मामींना ओढून घेतलेलं आवडत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून झीज आहे म्हणून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही पण व्यायाम चुकवू नका म्हणाले. व्यायाम करायला गेलं की दुखायचं, दुखलं की व्यायाम राहायचा, आणि व्यायाम राहिला की आणखी दुखायचं. संध्याकाळी बसमधून उतरून घरापर्यंतच्या दोनशे पावलांत त्या तीनदा थांबायच्या आणि कुणी बघितलं तर पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवायच्या. मला ते बघवत नसे.

मामांनी या दुखण्याविरुद्ध रीतसर मोहीम उघडली. सेक्टरातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक तरुण पंजाबी डॉक्टरीण आहे, हसरी, जरा घाईघाईनं बोलणारी. तिनं मामींचा गुडघा नीट तपासला आणि सुचवलं की व्यायामाच्या आधी ‘टेन्स’ नावाचं छोटं यंत्र लावून बघा. खिशात मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. त्याच्या वायरींना चिकट पॅड असतात, ते दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला लावायचे, सौम्य विजेच्या झिणझिण्या येतात आणि दुखण्याचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो. "बीमारी नहीं जाती इससे," ती स्पष्ट म्हणाली. "बस इतना आराम मिलता है कि आंटी जी एक्सरसाइज़ कर सकें." वीज हा शब्द ऐकताच मामा खुर्चीच्या टोकावर आले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या बिचारीला पाऊण तास प्रश्न विचारले. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

त्या पाऊण तासातून मामांची यादी तयार झाली. मला ती आता तोंडपाठ आहे, कारण यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. हवाई दलात म्हणे एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं अशी पद्धत असते. मामी पेशंट, त्यामुळे त्या वाचू शकत नाहीत, मामा करणारे, त्यामुळे तेही नाहीत, उरले मी. मामांनी सेक्टर बावीसच्या बाजारातून यंत्र आणलं. तिथल्या पहिल्या दुकानदारानं "पैड लगाओ, बटन घुमाओ, काम खतम," एवढ्यात सगळं शिकवून टाकल्यामुळे त्यांनी त्या दुकानातून न घेता चौथ्या दुकानातून घेतलं. पुस्तिका अर्थातच दोन्ही भाषांतून वाचली गेली. आणि एका संध्याकाळी मामी सोफ्यावर पाय लांब करून बसल्या, मामा रबरी चपला घालून स्टुलावर, आणि मी समोर कागद घेऊन उभी.

"त्वचा?" मी वाचलं. "स्वच्छ, कोरडी," मामा म्हणाले. "तेल, मलम?" "नाही." "जखम, पुरळ?" "नाही." "स्पर्श कळतो?" इथे मामांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना कापूस टेकवून पाहिला, कारण जिथं बधिरपणा असतो तिथं पॅड लावायचा नसतो. जोर जास्त झाला तरी तिथल्या माणसाला कळणारच नाही. "छातीत पेसमेकर?" मामी म्हणाल्या, "सकाळपासून तरी बसवलेला नाही." "फीट येण्याचा आजार?" "नाही." पुढचा प्रश्न वाचताना मी थोडी अडखळले, पण मामांनी डोळ्यांनी खूण केली. "गरोदरपण?" अठ्ठावन्न वर्षांच्या मामींनी नवऱ्याकडे शांतपणे बघितलं. "तुमचा उत्साह बघता काही सांगता येत नाही." मामा मान वर न करता म्हणाले, "फक्त हो किंवा नाही." हा प्रश्न त्यानंतर रोज संध्याकाळी विचारला गेला आणि मामींनी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. मग पॅड चिकटले, वायरी जोडल्या गेल्या, मी "बटण?" म्हटलं, मामा "शून्यावर" म्हणाले, यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि मामांनी हातातल्या घड्याळावर वीस मिनिटं लावली.

त्या वीस मिनिटांत घरात मार्शल लॉ असायचा. न्हाणीघराच्या दाराला लाल फीत बांधलेली, म्हणजे यंत्र अंगावर असताना कुणी चुकूनही आंघोळीला जाऊ नये. गाडीच्या किल्लीलाही लाल फीत. मामींनी जरा डोळे मिटले की मामा हाक मारायचे, कारण यंत्र लावून झोपायचं नाही. त्याच दिवसांत पिंजौरहून मामांचे एक जुने सहकारी बसनं आले. खांदा धरला होता म्हणून त्यांनाही ते यंत्र एक दिवस हवं होतं. मामांनी चहा दिला, लाडू दिला आणि यादी काढली. मित्राच्या छातीत पेसमेकर आहे हे तिसऱ्या मिनिटाला निघालं. "तेरी छाती में एक मशीन पहले से ड्यूटी पर है," मामा म्हणाले. "उसके काम में मैं दूसरी मशीन को बोलने नहीं दूँगा. पहले दिल के डॉक्टर से पूछ." मित्र रुसून शेवटचा घोट न घेता उठले. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, की डॉक्टरही ते यंत्र अजिबात लावू नका म्हणाले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी घरच्या झाडाचे पेरू आणले. मामांनी ते पेरू मिठाच्या पाण्यात धुऊन खाल्ले.

तर असं सगळं यथासांग चाललं होतं. फक्त एकच गोष्ट होत नव्हती. मामींचं दुखणं कमी होत नव्हतं. "झिणझिण्या येतात म्हणे," त्या मला म्हणायच्या, "मला मेलं काहीच वाटत नाही." मामांच्या कानावर हे गेलं की ते वहीत ‘त्रास नाही’ असं लिहायचे. आठव्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला मदत करत होते, तेव्हा मामींनी डब्यांच्या मागून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. राजीनामा होता. चार ओळींचा, स्वच्छ अक्षरात. "सोमवारी देणार आहे," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा उपाय होता ग. काल टेबलाला धरून उभी होते तेव्हा साहेबांनी बघितलं, आणि माझं काम गुपचूप दुसऱ्या मुलीला दिलं. कीव करून दिलेली नोकरी मला नको." मग पोळी उलटत म्हणाल्या, "सहाव्यांदा लिहिला. आता हात बसलाय माझा." त्या रडल्या नाहीत. मीच रडले आणि माझी पोळी करपली.

मामांना सांगू नकोस असं त्यांनी बजावलं होतं म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पुन्हा दाखवायचं होतं. मीही गेले, यादीची वाचक म्हणून. डॉक्टरणीनं विचारलं, कितना आराम है? मामी म्हणाल्या, बिलकुल नाही. तिला नवल वाटलं. मामांनी अभिमानानं वही पुढे केली. तारीख, वेळ, त्वचा, पॅड, सगळे रकाने भरलेले. ‘जोर’ या रकान्यात आठही दिवस एकच शब्द लिहिला होता, ‘प्रारंभिक’. "अंकल जी, प्रारंभिक मतलब कितना? दो? तीन?" मामा म्हणाले, "मतलब शून्य." डॉक्टरणीनं वही मिटली, ओठ घट्ट दाबले आणि हसू आवरायचा खूप प्रयत्न केला. "अंकल जी, आठ दिन से आपने आंटी जी को सिर्फ़ स्टिकर लगाए हैं." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण रोज "बटण?" विचारणारी आणि "शून्यावर" ऐकून पुढे जाणारी मीच होते. हिरवा दिवा लागला म्हणजे वीज सुरू झाली, अशी माझी आणि मामींची भाबडी समजूत होती. यंत्र मामांच्या मुठीत असायचं, तिथे डोकावणार कोण?

डॉक्टरीण मग समजावून म्हणाली की सुरुवात शून्यापासून करायची हे अगदी बरोबर, पण तिथेच मुक्काम करायचा नाही. हळूहळू वाढवायचं, चांगली झिणझिण जाणवेल पण दुखणार नाही इथपर्यंत. आणि एक गोष्ट तिनं मामींकडे बघून सांगितली. "बटन आपके हाथ में रहेगा, आंटी जी. अंकल जी को क्या पता कहाँ रुकना है. वो तो आपका घुटना बताएगा."  परतताना मामांनी एकाही गोलचक्कराला जादा फेरी मारली नाही, यावरून ते किती हादरलेत हे माझ्या लक्षात आलं.

घरी आल्यावर मामींनी तो राजीनाम्याचा कागद आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मामांनी तो सवयीप्रमाणे दोनदा वाचला. मी जायला निघाले तर मामी म्हणाल्या, थांब, तुझ्यादेखत होऊ दे. मामांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशी एकावर न्यायचं ठरवलं होतं मी. हात पुढं झाला नाही. चौथ्या दिवशीही नाही." मामींनी विचारलं, "अहो, छत्तीस वर्षं एवढाल्या विमानांना वीज जोडलीत ना?" "विमानाला दुखत नाही," मामा म्हणाले. "तू ओरडलीस तर मी काय करणार होतो? आधीच पाच वेळा माझ्यापायी नोकरी सोडलीस. मला वाटलं, निदान माझ्या हातून आणखी काही बिघडू नये. आणि नेमकं तेच झालं." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मामींची डावी भुवई वर गेली नाही. त्यांनी सोफ्यावर पाय लांब केला आणि हात पुढे केला. "द्या इकडे. दुखणं माझं आहे, बटणही माझ्याकडेच द्या. सूनबाई, वाच ग तू."

मी सगळी यादी वाचली. गरोदरपणासकट. त्या दिवशी मामी सरळ "नाही" म्हणाल्या. मग त्यांनी बटण फिरवलं. एक. काही नाही. दोन. काही नाही. मामा स्टुलाची कड धरून बसले होते. तीनला मामी म्हणाल्या, "मुंग्या चालल्यागत होतंय." चार. पाचला त्यांचा चेहरा जरा आक्रसला, तसे मामा उठलेच, पण मामींनी दुसऱ्या हातानं त्यांना खाली बसवलं आणि बटण किंचित मागे घेतलं. "बास. इथं बरं वाटतंय." वीस मिनिटं झाल्यावर बटण परत शून्यावर गेलं, यंत्र बंद झालं आणि मगच पॅड निघाले. दुखणं गेलं होतं का? छे, तसं काही नव्हतं. पण ते खोलीच्या मधोमध होतं ते कोपऱ्यात जाऊन बसलं, असं मामी म्हणाल्या, आणि तेवढ्या सवलतीत त्यांनी भिंतीला पाठ लावून करायचे व्यायाम पहिल्यांदाच पूर्ण केले. सोमवारी त्या साडेसातच्या बसनं गेल्या. राजीनाम्याचा कागद टेबलावरच होता. मामांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर व्यायामांचं वेळापत्रक आखून घेतलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं, चमत्कार म्हणावा असं काही त्यात नाही. मध्ये एकदा पॅडखालची कातडी लाल झाली तर मामांनी लगेच यंत्र बंद करून डॉक्टरणीला फोन केला. पॅड जुने झाले होते. दोन दिवस खंड पडला, नवे पॅड आणले, जागा जराशी बदलली आणि पुन्हा सुरू केलं. मामींनी मोठ्या साहेबांकडे जाऊन एक उंच स्टूल मागून घेतलं आणि स्वतःचं कामही परत मागून घेतलं. दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी त्या बसमध्ये चढल्या तेव्हा वरच्या मुलींनी हात पुढे केले, तर यांनी त्यांच्या हातात आपला डबा ठेवला आणि स्वतःच चढल्या. हे मला मामींनी सांगितलं नाही. मामांनी सांगितलं. ते रोज सकाळी बस दिसेनाशी होईपर्यंत कोपऱ्यावर उभे राहतात, हे मला तेव्हा कळलं. काही दिवशी गुडघा कुरकुरायचा, थंडीत जास्तच, पण दोनशे पावलांत त्या पिशवीत काही शोधायला थांबेनाशा झाल्या. हळूहळू यंत्र रोज लावायची गरज राहिली नाही, आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच. माझी वाचकाची नोकरी तशी गेलीच.

मामींच्या साठीच्या दिवशी, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मामांनी त्यांना घ्यायला डेराबस्सीला जायचं ठरवलं आणि मला बरोबर घेतलं. वाटेत कळलं की पंधरा वर्षांत ते त्या कारखान्यावर एकदाही गेले नव्हते. "बस होती ना," ते म्हणाले, पण स्वतःलाच त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलेलं दिसलं नाही. आम्ही अर्थात एक तास आधी पोचलो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं रजिस्टर पुढे केलं. मामा कुठल्याही रजिस्टरात आपलं पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त, भारतीय वायुसेना असं सगळं लिहितात, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा. इथे त्यांनी नाव लिहिलं आणि थांबले. रक्षकानं मान वर करून विचारलं, "आप कौन हैं साहब?" मामा म्हणाले, "लैब वाली मैडम हैं ना, आज रिटायर हो रही हैं. मैं उनका हस्बैंड हूँ." रक्षक चटकन उठून उभा राहिला. म्हणाला, "मैडम जी के? बाहर क्यों खड़े हो, अंदर बैठो जी." मामा आत बसले नाहीत. फाटकाशीच उभे राहिले.

साडेपाचला मामी आल्या. मागे प्रयोगशाळेतली आठ-दहा मुलं-मुली, कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात त्यांचा डबा. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. मामी भरभर नाही, पण न थांबता चालत फाटकापर्यंत आल्या, सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि गाडीत बसल्या.  वाटेतलं झिरकपूर आल्यावर मामी म्हणाल्या, "निरोपाच्या वेळी माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती हो. मी उभ्यानंच बोलले. चांगलं पाव तास बोलले." मामांनी मान हलवली. गाडी सिग्नलला उभी होती. त्यांनी समोर बघतच म्हटलं, "आधीच्या पाच ठिकाणीही तुला असा निरोप मिळायला हवा होता." मामींनी मांडीवरची फुलं नीट केली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"एका ठिकाणी मिळाला ना," त्या म्हणाल्या.